छोट्या बोर्डावरचं बेसिक: वाद भाषेचा नाहीच

मुलांना प्रोग्रॅमिंगची सुरुवात कशाने करून द्यावी हा विषय निघाला की दोन फळ्या ठरलेल्या असतात. एकीकडे पन्नाशी ओलांडलेली मंडळी: "आम्ही बेसिकवर शिकलो, आमचं काय अडलं?" दुसरीकडे पंचविशीतली: "काका, बेसिक कधीच मेलं. आता पायथन. आणि खरं तर तेही कशाला, एआय लिहून देतं." मग कुणीतरी गोटूवरून (प्रोग्रॅमला दुसऱ्या ओळीवर उडी मारायला लावणारी बेसिकमधली आज्ञा) टोमणा मारतो, कुणीतरी डच संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांचं बेसिकविरोधी वाक्य तोंडावर फेकतो आणि आपण जिंकलो असं समजून दोघंही घरी जातात. हल्ली या भांडणाला नवं निमित्त मिळालंय. आर्डुइनो उनो किंवा रास्पबेरी पाय पिकोसारख्या स्वस्त, एका चिपभोवती बांधलेल्या बोर्डावर बेसिकचा इंटरप्रिटर (लिहिलेला प्रोग्रॅम ओळीओळीने वाचून तिथल्या तिथे चालवणारं सॉफ्टवेअर) चढवून दाखवणारे हौशी लोक वाढलेत, आणि त्यांना पहिला प्रश्न हाच येतो, की हे कशासाठी?

माझं उत्तर सरळ आहे. बेसिक ही फार चांगली भाषा नाही. पण तिचा इंटरप्रिटर इतका लहान असू शकतो की एका माणसाला तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून समजतो. इलेक्ट्रॉनिक्स किंवा संगणक शिकणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा छोट्या बोर्डावर चालवावा, उघडावा आणि त्याच्यात काहीतरी मोडून पाहावं. दोन्ही फळ्या भाषेवरून भांडतायत. मला भाषेत फारसा रस नाही. अख्खं यंत्र एका विद्यार्थ्याच्या आवाक्यात येतं की नाही, यात आहे.

आधी इतिहास, कारण या वादात तो हमखास चुकीचा सांगितला जातो. बेसिक घरगुती संगणकांसाठी जन्माला आलं, असा समज आहे. ते आलं १९६४ साली, १ मेच्या पहाटे, अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात. जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ हे दोघे गणिताचे प्राध्यापक. ज्यांनी विज्ञान घेतलेलं नाही अशा विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता आला पाहिजे, हा त्यांचा हट्ट. तोवर पंचकार्डांचा गठ्ठा खिडकीतून आत द्यायचा आणि उत्तराची वाट बघत बसायचं, अशी रीत होती. या दोघांनी एकाच यंत्राचा वेळ अनेक टेलिटाइपांत वाटून दिला आणि त्यावर शिकायला सोपी भाषा बसवली. गंमत म्हणजे ते बेसिक इंटरप्रिटर नव्हतंच. अख्खा प्रोग्रॅम आधी कंपाइल व्हायचा, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवला जायचा. इंटरप्रिटरचं बेसिक नंतर आलं, ते गरजेपोटी. १९७५ साली अल्टेअर या सुरुवातीच्या छोट्या संगणकासाठी बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी चार किलोबाइटमध्ये बसणारं बेसिक लिहिलं. ते विकत होतं. ज्यांना विकत नको होतं त्यांच्यासाठी डेनिस ॲलिसन यांनी 'टायनी बेसिक'चा आराखडा छापून टाकला आणि वाचकांना सांगितलं, तुमचं तुम्ही लिहा. लोकांनी लिहिलं. १९७६मध्ये ली-चेन वांग यांनी ८०८० प्रोसेसरसाठी केलेलं रूप दोन किलोबाइटांच्या आत बसत होतं, आणि त्याच्या माथ्यावर 'कॉपीलेफ्ट, ऑल राँग्ज रिझर्व्ड' असा खवचट मजकूर होता. केमेनी आणि कुर्ट्झ यांना मात्र ही पोटभेदं अजिबात आवडली नाहीत. त्यांना ते 'स्ट्रीट बेसिक' म्हणत, आणि ऐंशीच्या दशकात त्यांनी 'ट्रू बेसिक' नावाचं सुधारलेलं रूप स्वतःच बाजारात आणलं.

तेव्हा बेसिकच्या जन्मदात्यांनाच जे पसंत नव्हतं, त्याची बाजू मी घेतोय हे मला ठाऊक आहे.

आता त्या बोर्डावर नेमकं काय होतं ते बघू. उनोवरच्या ॲटमेगा ३२८पी चिपमध्ये ३२ किलोबाइट फ्लॅश (वीज गेली तरी टिकणारी मेमरी) आणि फक्त २ किलोबाइट रॅम (वीज गेली की पुसली जाणारी). ही चिप फ्लॅशमधलाच कोड चालवू शकते; रॅममधला नाही. म्हणजे नेहमीच्या पद्धतीने एक आकडा जरी बदलायचा तर लॅपटॉप हवा, त्यावर सॉफ्टवेअर हवं, कंपाइल करा, केबलीतून पुन्हा फ्लॅशमध्ये भरा. इंटरप्रिटर फ्लॅशमध्ये एकदा भरला की तो तिथेच राहतो. तुम्ही टाइप केलेल्या ओळी रॅममध्ये निव्वळ मजकूर म्हणून पडून असतात आणि इंटरप्रिटर त्या वाचत सुटतो. टायनी बेसिक प्लस हे आर्डुइनोसाठीचं रूप उनोवर टाकलं तर तुमच्या प्रोग्रॅमला उरते हजार बाइटांच्या आसपास जागा, ए ते झेड असे सव्वीस व्हेरिएबल (आकडे ठेवायची घरं), आणि १६ बिटांचे पूर्णांक. संपलं. प्रोग्रॅम म्हणजे शेवटी मेमरीत ठेवलेला डेटाच, हे वाक्य आपण वर्गात फळ्यावर लिहितो. इथे ते पोराला डोळ्यांनी दिसतं.

एक उदाहरण नीट उलगडून सांगतो. कुंडीतल्या मातीचा ओलावा मोजणारा स्वस्त सेन्सर ॲनालॉग पिनला जोडला. ओळ क्रमांक न देता 'ही पिन वाच आणि छाप' एवढंच टाइप केलं की आकडा येतो, समजा ६१२. कुंडीत पाणी घातलं, पुन्हा विचारलं, आकडा बदलला. ना फाइल, ना लायब्ररी. आता याचे मिलिव्होल्ट करायचेत. चिप पाच व्होल्टचे १०२४ भाग करते, म्हणून पोरगी लिहिते: ६१२ गुणिले ५०००, भागिले १०२४. उत्तर यायला हवं २९८८. बोर्ड सांगतो, उणे १९. उणे एकोणीस मिलिव्होल्ट! सेन्सर बिघडला? वायर उलटी लागली? दोन्ही नाही. ६१२ गुणिले ५००० म्हणजे तीस लाख साठ हजार, आणि १६ बिटांच्या घरात ३२७६७ च्या वर काही मावत नाही. वरचे बिट गळून पडले, उरला उणे २०१९२, त्याला १०२४ ने भागलं. एकदा हे कागदावर सोडवून घेतलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो: मग करायचं कसं? आधी भागावं तर पूर्णांकात शून्य येतं. पाचाने गुणायचं आणि मूळ आकड्याचा आठवा भाग वजा करायचा. ३०६० वजा ७६, म्हणजे २९८४. चूक चार मिलिव्होल्टची, आणि चिपची स्वतःची एक पायरीच जवळपास पाच मिलिव्होल्टची आहे. कुठल्याही पाठ्यपुस्तकातला ओव्हरफ्लोचा परिच्छेद याच्या जवळपास तरी जातो का?

पायथनमध्ये हाच हिशोब केला तर उत्तर गुपचूप बरोबर येतं, कारण तिथे पूर्णांक लागेल तेवढा वाढतो. काम करायचं असेल तर पायथनचंच बरोबर. शिकायचं असेल तर ते उणे एकोणीस सोन्यासारखं आहे. ४ जून १९९६ रोजी युरोपचं एरियान ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात चाळिसेक सेकंदांत नष्ट झालं. ६४ बिटांचा आकडा १६ बिटांच्या घरात कोंबला गेला, हे त्याचं मूळ. ते लिहिणारे नवशिके नव्हते.

विरोधातला सर्वांत वजनदार मुद्दा डायक्स्ट्रा यांचा नाही, मायक्रोपायथनचा, म्हणजे छोट्या बोर्डांसाठीच्या पायथनचा आहे. म्हणून तो आधी घेतो. तुम्ही म्हणता ते सगळं, म्हणजे प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायला बोलावणारी खूण), लगेच उत्तर, पिन हलवून बघणं, हे पिकोवर मायक्रोपायथनही देतं. वर फंक्शनं आहेत, लिस्ट आहेत, पुढे नोकरीत लागणारी भाषा आहे. मग पोराला साठ वर्षांपूर्वीच्या वळणात का अडकवता? हा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. प्रोजेक्ट करायचा असेल, विज्ञान प्रदर्शनात काही मांडायचं असेल, तर डोळे मिटून मायक्रोपायथन घ्यावं. पण त्याला स्वतःला राहायलाच साधारण २५६ किलोबाइट कोडची जागा लागते. तो सोर्स उघडून डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षातला विद्यार्थी काय करणार? कौतुकाने बघेल आणि बंद करेल. टायनी बेसिकचा सोर्स म्हणजे एक फाइल. ओळ घेणारा भाग, शब्द ओळखणारा भाग, बेरीज-गुणाकाराचा क्रम सांभाळणारा भाग, गोसबने प्रोग्रॅमच्या दुसऱ्या तुकड्यात गेल्यावर परतायची जागा लक्षात ठेवणारा स्टॅक. चार-पाच बैठकांत ते वाचून होतं, आणि वाचून झालं की इंटरप्रिटर या शब्दामागची सगळी जादू उतरते. पायथन, जावास्क्रिप्ट, एसक्यूएल, सगळ्यांच्या पोटात हेच अवयव मोठ्या आकारात आहेत. घड्याळ दुरुस्ती शिकणाऱ्याला आधी गजराचं टेबलावरचं घड्याळ उघडायला देतात, स्मार्टवॉच नव्हे, तसंच हे.

डायक्स्ट्रा यांचं म्हणणं १९७५ सालचं. बेसिकची सवय लागलेल्या विद्यार्थ्यांना चांगलं प्रोग्रॅमिंग शिकवणं जवळजवळ अशक्य आहे, त्यांची बुद्धी कायमची पांगळी झालेली असते, असा त्याचा आशय. त्यामागचं दुखणं खरं होतं. तेव्हाच्या बेसिकमध्ये फंक्शनला नीट पॅरामीटर देता येत नव्हते, प्रत्येक व्हेरिएबल सगळ्या प्रोग्रॅमभर मोकाट, आणि शे-दोनशे ओळींनंतर गोटूंचा असा गुंता होई की लिहिणाऱ्यालाच सुटत नसे. पण गुंता व्हायला आधी प्रोग्रॅम मोठा असावा लागतो. हजार बाइटांत चाळीस-पन्नास ओळी मावतात. तिथे गुंता करायला जागाच नाही. दुसरं असं की प्रोसेसरच्या पातळीवर प्रत्येक लूप (पुन्हापुन्हा फिरणारा भाग) आणि प्रत्येक 'जर-तर' ही शेवटी उडीच असते. ती उडी एकदा उघडी पाहिलेल्या पोराला व्हाइल ही लूपची आज्ञा कशावरचं पांघरूण आहे ते कळतं. आणि एक गोष्ट या वाक्याची जपमाळ ओढणारे कधी सांगत नाहीत. याच डायक्स्ट्रांनी १९८८ साली असं मांडलं, की सुरुवातीच्या अभ्यासक्रमात प्रोग्रॅम यंत्रावर चालवूच नये. कागदावर सिद्धता द्यावी. त्यांचा शब्द प्रमाण मानायचा तर पायथनचा लॅबही बंद करावा लागेल. ती तयारी आहे का? नसेल तर त्यांचं अर्धं वाक्य सोयीपुरतं वापरू नये.

वेगाचा आक्षेप मी सपशेल मान्य करतो, आणि तोच माझ्या बाजूने वापरतो. टीव्हीचा रिमोट ३८ किलोहर्ट्झवर लुकलुकतो. एक लहर साधारण २६ मायक्रोसेकंदांची. १६ मेगाहर्ट्झच्या उनोला तेवढ्यात सुमारे चारशेवीस क्लॉक मिळतात. बेसिकच्या लूपमध्ये पिन वर-खाली करून हे साधेल? नाव नको. इंटरप्रिटर प्रत्येक फेरीला तीच ओळ पुन्हा अक्षर-अक्षर वाचतो, शब्दांच्या यादीत शोधतो, '१३' या दोन अक्षरांचा पुन्हा तेरा करतो, आणि गोटू आलं की ती ओळ प्रोग्रॅमच्या सुरुवातीपासून हुडकत येतो. लूपच्या मध्ये शेरा लिहिलात तर प्रोग्रॅम आणखी थोडा हळू होतो! ऐंशीच्या दशकात लोक वारंवार लागणारी सबरुटीन प्रोग्रॅमच्या डोक्यावर ठेवत, ते याचसाठी. कंपाइलर कशासाठी असतो, हे ज्याला इथे ठेच लागून कळलं, त्याला सी भाषेकडे ढकलावं लागत नाही. तो स्वतःच मागतो.

आता मोडून बघण्याबद्दल. मराठी मुलांना सुचणारा पहिला बदल बहुधा हाच असतो: प्रिंटच्या जागी 'छापा' चाललं तर? यादीत टाकून बघा. चालत नाही, आणि का चालत नाही हे शोधण्यात एक अख्खी दुपार जाते. टायनी बेसिक प्लसच्या शब्दांच्या यादीत जागा वाचवण्यासाठी प्रत्येक शब्दाच्या शेवटच्या अक्षरात १२८ मिळवलेले असतात. १२८ च्या पुढचा बाइट दिसला की शब्द संपला, अशी खूण. इंग्रजी अक्षरं १२८ च्या आतच असतात, म्हणून ही चलाखी चालून जाते. पण युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) यूटीएफ-८ रूपात एकटा 'छ' म्हणजे तीन बाइट: २२४, १६४, १५५. तिन्ही १२८ च्या वर. शोधणारा कोड 'छापा' ओलांडून पुढच्या शब्दावर जायला निघाला की त्याला पहिल्याच बाइटला वाटतं, शब्द संपला, आणि यादीची पुढची सगळी मोजणी घसरते. उपाय अवघड नाही. खूण बदलायची आणि प्रत्येक शब्दामागे एक शून्य ठेवायचा. पण तेवढ्यात पोराला समजतं, की सात बिटांत जग मावतं हे गृहीतक कोडमध्ये नेमकं कुठे दडून बसतं आणि आपली लिपी लावली की बँकेच्या पावतीपासून जुन्या प्रिंटरपर्यंत ठिकठिकाणी चौकोन का उमटतात. हे मायक्रोपायथनच्या वापरकर्त्याला समजायचं कारणच नाही. त्याच्यासाठी ते कुणीतरी आधीच निस्तरून ठेवलंय.

इथवर वाचून बेसिकवाले काका खूश झाले असतील, तर त्यांच्याशीही माझं भांडण आहे. 'आम्ही बेसिकवर शिकलो' म्हणणारे म्हणजे जे टिकले ते. ज्यांना ओळ क्रमांकांचा कंटाळा आला ते आज या चर्चेत नाहीत. १९८४-८५ साली केंद्र सरकारने 'क्लास' या योजनेत देशभरातल्या शाळांत बीबीसी मायक्रो संगणक दिले. यंत्र अप्रतिम होतं: सोफी विल्सन यांनी लिहिलेलं बेसिक, त्यातच असेंब्लीची, म्हणजे प्रोसेसरच्या थेट आज्ञा लिहायची सोय, बटण दाबलं की क्षणात प्रॉम्प्ट. भाषा चांगली आणि यंत्र चांगलं एवढ्याने क्रांती होत असती तर ती तेव्हाच व्हायला हवी होती. संगणकाच्या खोलीला कुलूप, किल्ली मुख्याध्यापकांकडे, आणि आठवड्याला एक तास, तोही दुरून बघायचा, हे चित्र आपल्याकडे पुढेही अनेक वर्षं होतं. यंत्र महाग होतं, म्हणून ते मोडायची भीती होती. आणि जे मोडायची भीती वाटते त्याच्यावर कुणी शिकत नाही. मला छोट्या बोर्डाचं महत्त्व वाटतं ते इथे. तो जळला तर जळला.

ब्रिटनमध्येही हेच चक्र फिरलं. बटण दाबताच बेसिक समोर येणारे घरगुती संगणक गेले, आणि केंब्रिजला संगणकशास्त्रासाठी येणारी मुलं कमी आणि कच्ची होत गेली, या चिंतेतून एबेन अप्टन यांनी रास्पबेरी पायचा घाट घातला. ते २०१२ साली आलं. पण ते झालं अख्खं लिनक्स संगणक. स्वस्त, उपयोगी, आणि आतून पुन्हा अपारदर्शक. २०२१ साली त्याच घरातून चार डॉलरचा पिको आला आणि त्यावर ऑस्ट्रेलियातल्या जेफ ग्रॅहम यांच्या एमएमबेसिकचं पिकोमाइट हे रूप चालू लागलं. त्याची एक आवृत्ती व्हीजीए मॉनिटर आणि पीएस-टू कीबोर्ड थेट जोडून चालते. लॅपटॉप नाही, इंटरनेट नाही, अपडेट नाही. आपल्या कितीतरी शाळांच्या माळ्यावर जुने व्हीजीए मॉनिटर धूळ खात पडलेत, ते निर्लेखित करायची फाइल सरकत नाही म्हणून. त्यांना काम मिळेल. (एमएमबेसिक मात्र मोठं आहे, वाचायला टायनी बेसिकच घ्यावं.)

राहिला एआयचा मुद्दा. चॅटबॉटला सांगितलं तर तो टायनी बेसिकचा इंटरप्रिटर मिनिटभरात लिहून देईल, यात शंका नाही. मग बोर्ड उणे १९ म्हणतो तेव्हा कुणावर विश्वास ठेवायचा, बोर्डावर की बॉटवर? त्याने दिलेला कोड कुठल्या चिपवर कुठे फसेल हे ज्याला अंदाजाने सांगता येतं त्याचाच पुढे भाव राहणार, आणि तो अंदाज वाचून येत नाही. आपल्या डिप्लोमाच्या मुलांनी वर्षानुवर्षं ८०५१ या मायक्रोकंट्रोलर चिपच्या पिना आणि रजिस्टरं पाठ केली. त्याच घराण्यातली, आठ किलोबाइट रॉममध्ये बेसिक भरलेली ८०५२ची चिप इंटेलने ऐंशीच्या दशकात विकली होती. टर्मिनल जोडा आणि बोला. ती त्यांच्या हातात कधी पडली नाही. पाठांतराला यंत्राची गरज नव्हती, एवढंच त्याचं कारण.

मागणी फार मोठी नाही. गावोगावच्या शाळांतल्या अटल टिंकरिंग लॅबमध्ये बोर्ड पडलेले आहेतच. सहामाहीतले सात-आठ तास द्यावेत: दोन तास चालवायला, चार वाचायला, उरलेले मोडायला. त्यानंतर बेसिक बाजूला ठेवून मायक्रोपायथन किंवा सी घ्यावी, मागे वळून बघू नये. फक्त एक अट घालतो. हे परीक्षेत घेऊ नका. घेतलंत, तर दुसऱ्याच वर्षी 'बेसिक इंटरप्रिटरची पाच वैशिष्ट्ये सांगा, गुण ५' असा प्रश्न येईल, त्याचं गाइड निघेल, आणि बोर्ड पुन्हा कपाटात जातील.